सत्तेचाळीस नंबर कुणाचा

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. सत्तेचाळीस नंबरचा कॉम्प्युटर माझा होता. स्टोअर्समधल्या कारकुनाचा नव्हता. तो त्याच्या नावावर मी घातला, एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, आणि त्यात त्याची नोकरी गेली. बायकोला हे माहीत नाही. ज्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काम केलं आणि ज्यांना आजही अक्का म्हणतो, त्यांनाही माहीत नाही. त्यांना माहीत नाही, हेच मला सगळ्यात जड जातं.

मी फारसा बोलणारा माणूस नाही. आमचं घराणं म्हैसुरातल्या रंगाऱ्यांचं. आजोबांपर्यंत कापड रंगवणं, छापणं चाललं. वडिलांनी मंडी मोहल्ल्यात दुकान धरलं, मी कॉम्प्युटर धरले. घरात बोलतो ते मराठी निम्मं कन्नडात भिजलेलं असतं. इथे लिहिताना ते जमेल तेवढं पिळून, वाळवून घेतलं आहे.

नोकरी नंजनगूडच्या औद्योगिक वसाहतीत, सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात. कॉम्प्युटर विभागात मी आणि अक्का. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, आमच्यातल्याच, मराठी बोलणाऱ्या घरातल्या. पण त्यांच्याकडे सगळे मास्तर आणि हेडमास्तर. सकाळची गाडी आम्ही एकाच डब्यात पकडायचो. गाडीत त्या अक्का आणि मी ‘अरे’. कारखान्याचं गेट ओलांडलं की त्या मॅडम आणि मी ‘तुम्ही’. हा बदल त्या गेटवर कार्ड दाखवता दाखवता करायच्या, आणि अकरा वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत.

त्यांचं काम काय होतं ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आणि खरं सांगायचं तर, या सगळ्यात मला आनंदानं लिहिता येईल असं तेवढंच आहे.

आमच्या कारखान्यात कुठल्याही कॉम्प्युटरवरून बाहेरची वेबसाइट सरळ उघडत नसे. मध्ये एक सर्व्हर बसवलेला होता, त्याला प्रॉक्सी म्हणतात. तुमची मागणी तो घेतो, तुमच्या वतीनं बाहेर जातो, मागितलेलं आणून देतो, आणि प्रत्येक फेरीची एक ओळ लिहून ठेवतो. किती वाजता, कुठल्या नंबरच्या कॉम्प्युटरनं, कुठला पत्ता मागितला, किती बाहेर गेलं, किती आत आलं, जाऊ दिलं की अडवलं. अशा ओळींच्या ढिगाला लॉग म्हणतात. कारखान्याच्या नकाशांवर, मोजमापांवर कुणी बाहेरून हात घातला तर त्याचा माग लागतो तो या ढिगातच.

हा ढीग चाळायला सॉफ्टवेअर होतंच. ते लाल पट्ट्या दाखवायचं. आमचे मॅनेजर म्हणायचे, “मॅडम, ते दाखवतंय ना लाल? मग तुम्ही रोज काय वाचत बसता?”

अक्का म्हणायच्या, “सर, ओरडायला ते आहे. वाचायला मी आहे.”

आणि त्या वाचायच्या. रोज पावणेनऊ ते पावणेदहा. आधी सॉफ्टवेअरला सांगून रोजच्या ओळखीच्या पत्त्यांच्या ओळी बाजूला काढायच्या. उरलेल्या दोन-तीन हजार. मग स्टीलची फूटपट्टी स्क्रीनला आडवी टेकवून एकेक ओळ खाली. त्या फूटपट्टीनं स्क्रीनवर बारीक चरे पडले होते. मी एकदा म्हटलं, “मॅडम, माउसनं पण होतं की ते.” तर म्हणाल्या, “माउस पळतो हो. पट्टी थांबते.”

किती गेलं आणि किती आलं, हे दोन आकडे त्या सगळ्यात आधी बघायच्या; पत्ता बघायच्या तो पट्टी थांबली तरच. माणूस वेबसाइट बघतो तेव्हा मागतो थोडं आणि त्याला मिळतं भरपूर. हे उलटं दिसलं, जाणारं जास्त आणि येणारं कमी, की पट्टी तिथेच थांबायची. एकदा अशी थांबली. डिझाइन विभागातून कुठल्याशा खासगी साठवणुकीच्या वेबसाइटवर ढिगानं काहीतरी चाललं होतं. मला वाटलं, नकाशे गेले. अक्का चहा संपवून शांतपणे त्या टेबलापाशी गेल्या. परत आल्या आणि बसल्या. मी बघतच राहिलो.

“काय होतं, मॅडम?”

“मुलीच्या लग्नाचे फोटो. जावई दुबईला. त्याला पाठवत होता. मी म्हटलं घरून पाठवा. बरं म्हणाला.”

“रिपोर्ट?”

“कसला रिपोर्ट? मुलगी छान दिसते. अष्टे.” एवढंच, म्हणजे.

त्यांनी दोन नियम केले होते. ते कुणी सांगितले नव्हते, कंपनीच्या कुठल्या कागदावर नव्हते. त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतले होते. पहिला असा, की लॉग वाचणाऱ्याकडे नावं असायची नाहीत. त्यांच्यापुढे फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, ती यादी माझ्याकडे. यादी माझी, आणि लॉग मी वाचायचा नाही. एखाद्या ओळीवर पट्टी थांबली तरच त्या मला तो एक नंबर विचारणार आणि मी ते एक नाव सांगणार.

दुसरा नियम याच्याही पुढचा. एखाद्या नंबरनं मागच्या दिवसांत काय काय उघडलं होतं ते बघायची वेळ आली, तर ते त्या बघणार नाहीत, मी बघणार. आणि कामापुरतं असेल तेवढंच त्यांना सांगणार.

मी एकदा गाडीत कारण विचारलं. खिडकीतून ऊस मागे पळत होता. त्या म्हणाल्या, “अरे, माणूस काय शोधतो ठाऊक आहे? मूळव्याधीवर औषध शोधतो. घटस्फोटाचा वकील शोधतो. दुसरी नोकरी शोधतो. मला दुपारी ह्याच लोकांबरोबर डबा उघडून बसायचंय. मत्ते, मग मी त्यांच्याकडे कशी बघू?”

“मग मी कसा बघू, अक्का?”

“तू बोलत नाहीस ना कुणाशी,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. “म्हणून तर तुला ठेवलंय.”

मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता. अजून आठवतं.

वर्षात दोन दिवस त्यांच्या खास आवडीचे, दसऱ्याचे. नवमीला आमच्या घरात खंडेनवमी म्हणतात, कारखान्यात आयुधपूजा. सुट्टी लागायच्या आदल्या दुपारी सगळी यंत्रं पुसून हळदी-कुंकू लावायचं, झेंडूच्या माळा, गेटवर कोहळा फोडायचा, कागदात चुरमुरे वाटायचे. लेथला कुंकू, फोर्कलिफ्टला कुंकू, आणि कॉम्प्युटरलाही. मग सगळं बंद. नवमी आणि विजयादशमी हे दोन दिवस यंत्राला हात लावायचा नाही. त्यांनी विश्रांती घ्यायची. म्हैसुरात हे कुणाला बजावावं लागत नाही.

दसऱ्यानंतर कामावर आलं की अक्का आधी त्या दोन दिवसांचा लॉग उघडायच्या. “वर्षभर माणसं बोलत असतात,” त्या म्हणायच्या, “त्या गलक्यात यंत्र काय कुजबुजतं ते ऐकू येत नाही. ह्या दोन दिवशी माणसं गप्प. कोण बोललं तर ते यंत्रच.” सगळ्या देशात लॉग वाचणारे असतील, पण आयुधपूजेला ही तपासणी करायची युक्ती आमच्या अक्कांचीच. त्या दिवशी त्यांच्यासमोर दोन-तीन हजार नाही, वीस-पंचवीस ओळी असायच्या. सर्व्हरच्या नेहमीच्या. चहा यायच्या आत वाचून होई.

त्या वर्षी वाचून झालं नाही.

माझं झालं होतं असं. आमच्या समाजाचा एक वार्षिक अंक निघतो. लग्नं, वाढदिवस, शाळेत पहिली आलेली मुलं, कुणाची एखादी कविता. त्याच्या वीसेक वर्षांच्या फायली कुठल्या तरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या की मराठीच्या जागी नुसता कचरा. त्या सरळ करून द्यायचं मी कबूल केलं होतं. तसं करणारा एक फुकटचा प्रोग्राम मला मिळाला. घरचं इंटरनेट रडत होतं, म्हणून ऑफिसात उतरवला. प्रॉक्सीनं तो पत्ता अडवला. बरोबर अडवला. तो पत्ता परवानगीच्या यादीत मी स्वतःच्या हातानं घातला, प्रोग्राम उतरवला आणि पत्ता परत काढून टाकला. फुकटचं काहीही उतरवू नका, असा कागद स्टोअर्सच्या दारावर मीच चिकटवला होता, हेही इथे लिहिलं पाहिजे.

प्रोग्राम चांगला चालला. अक्षरं अगदी सुरेख उमटली. फायली शेकड्यांनी होत्या, म्हणून सुट्टीच्या दोन दिवसांत त्याला चालू ठेवून मी घरी गेलो. स्क्रीन बंद केली, तिच्यावर कुंकवाचा टिळा, वर झेंडू. बघणाऱ्याला वाटावं बंद आहे. टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा चालूच होता.

दसऱ्यानंतरच्या सकाळी अक्कांची पट्टी चौथ्या ओळीवर थांबली. मग पाचव्या. मग त्या पट्टी बाजूला ठेवून नुसत्याच बघत बसल्या. मी समोरच्या टेबलावर.

“इकडे या,” त्या म्हणाल्या. “हे नोडी, बघा. दर दहा मिनिटांनी. कधी साडेनऊ मिनिटांनी, कधी साडेदहा मिनिटांनी, म्हणजे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मुद्दाम मागेपुढे. आणि प्रत्येक वेळी जाणारं थोडं जास्त. पत्ता बघा, असं नाव माणूस ठेवेल काय? दोन दिवस, अखंड. सगळे झोपलेत आणि हा एक बोलतोय. कुठल्या तरी प्रोग्रामबरोबर हेर शिरलाय आत.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. गाण्यातली रागिणी ओळखू आलेल्या माणसाचा असतो तसा होता तो आवाज. मला आजही वाटतं, एवढ्या ढिगातून ते काढणारी त्यांच्यासारखी दुसरी मी पाहिली नाही. सॉफ्टवेअरनं एकही लाल पट्टी दाखवली नव्हती.

मग त्यांनी विचारलं, “सत्तेचाळीस नंबर कुणाचा?”

मी यादी उघडली. उघडायची गरज नव्हती. मला माझा नंबर पाठ होता.

नोकरीची भीती वाटली का? थोडी वाटली. पण तेवढीच असती तर मी कदाचित बोललो असतो. ज्या बाईंनी मला ‘बोलत नाहीस म्हणून ठेवलंय’ म्हटलं होतं, त्यांच्यासमोर, त्यांच्या त्या पट्टीखाली, मी सापडत होतो. ते मला सहन होईना. मी म्हणालो, “स्टोअर्स, मॅडम. डिस्पॅचच्या टेबलावरचा.”

स्टोअर्सच का, याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते चांगलं नाही. तिथला कारकून कंत्राटी होता. कंत्राटी माणसासाठी कुणी भांडत नाही, हे मला त्या क्षणी सुचलं. इतक्या चटकन सुचलं.

तो माझ्याच वयाचा, चाळिशीचा. गाव बेट्टदपुर. नंजनगूडला खोली घेऊन राहायचा, शनिवारी गावी जायचा. सहा वर्षं कंत्राटावर होता, आणि त्या वर्षी त्याला कायम करायची गोष्ट चालली होती. सगळ्या कारखान्याला माहीत होतं. त्यानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, “सर, ऑर्डर आली की तुम्हाला मैसूरपाक. दुकानातला नाही, बायकोच्या हातचा.”

जेवणाच्या सुट्टीत मी स्टोअर्समध्ये गेलो. तो डबा खायला गेलेला. त्याच्या कॉम्प्युटरला मी माझा नंबर दिला, माझ्या कॉम्प्युटरला त्याचा. यादीतल्या दोन ओळींची अदलाबदल केली. मग व्हायरस पसरू नये म्हणून, असं सांगून, त्याचा कॉम्प्युटर फॉरमॅट केला, म्हणजे सगळा पुसून नव्यासारखा केला. संध्याकाळी माझाही केला. डिस्क बिघडली म्हटलं.

अक्का माझ्यावर पहिल्यांदाच चिडल्या. “पुसायच्या आधी विचारायचं नाही? आत काय होतं ते आता कसं कळणार?”

“पसरेल म्हणून घाबरलो, मॅडम.”

“इरू दे,” त्या म्हणाल्या. असू दे. “मागच्या दिवसांच्या ओळी बघा तुम्ही. कुठून आलं ते तेवढं सांगा.”

इथे थांबून एक गोष्ट लिहितो. सत्तेचाळीस नंबरच्या मागच्या पंधरा दिवसांच्या ओळी अक्कांनी एकदा जरी चाळल्या असत्या, तरी त्यांना एका मिनिटात कळलं असतं. मराठी फॉन्टचे पत्ते, मराठी टायपिंगचे पत्ते, आमच्या समाजाची वेबसाइट. बेट्टदपुरच्या कन्नड माणसाला मराठी फॉन्ट कशाला लागतात? आख्ख्या कारखान्यात मराठी लिहिणारे आम्ही दोघंच. पण त्यांचा नियम होता. कुणाच्या खिडकीत डोकवायचं नाही. त्या डोकावल्या नाहीत. स्क्रीन त्यांच्यासमोर होती, बोट हलवायचा अवकाश होता, आणि त्यांनी खुर्ची वळवून माझ्याकडे पाठ केली, म्हणजे मला निवांत बघता यावं. त्यांच्या त्या चांगुलपणाच्या आडोशाला मी लपलो.

“फुकटच्या प्रोग्रामची साइट आहे, मॅडम. तिथून आलंय.”

“बाकी?”

“बाकी विशेष नाही.”

“बस. बाकीचं मला नको.”

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत चौघं. मॅनेजर, अक्का, मी आणि तो. बोलणं कन्नडात झालं. तो उभाच होता. बस म्हटलं तरी बसला नाही.

“मी काही उतरवलं नाही सर. मला ते येतच नाही. मला बिल काढता येतं आणि गेट पास काढता येतो.”

मॅनेजर म्हणाले, “मग काय कॉम्प्युटरनं स्वतः उतरवलं? दोन दिवस सुट्टीत चालू होता तुझा.”

“चालू?” तो म्हणाला. “सर, पूजा झाल्यावर मी प्लग काढलाय. भिंतीतून. वायर गुंडाळून वर ठेवलीय. आमच्या स्टोअर्समध्ये उंदीर आहेत, वायर खातात. मी रोज काढतो. विचारा कुणालाही.”

“उंदरांना विचारू?”

खोलीत कुणी हसलं नाही. मॅनेजर स्वतःच थोडे हसले. “लॉगमध्ये आलंय बाबा. लॉग खोटं बोलतो काय?”

तेव्हा अक्का म्हणाल्या, “लॉग खोटं बोलत नाही सर. पण लॉगला नंबर माहीत असतो, माणूस माहीत नसतो. माणूस यादीत असतो.” आणि माझ्याकडे वळून, अगदी साध्या सुरात, मराठीत नाही, कन्नडातच, “यादी बरोबर आहे ना?”

तो माझ्याकडे बघत होता. आशेनं बघत होता. मी कॉम्प्युटरचा माणूस, मी काहीतरी सांगेन, असं.

“बरोबर आहे, मॅडम,” मी म्हणालो.

अक्कांनी रिपोर्ट लिहिला. मी वाचला आहे, चार वेळा तरी. त्यात कारकुनाचं नाव नव्हतं. लिहिलं होतं की अशा प्रोग्रामला कुणीही फसू शकतं, दोष एकावर टाकू नये, दार उघडं राहिलं ते विभागाचं म्हणजे माझं स्वतःचं अपयश आहे. ‘माझं स्वतःचं’ म्हणजे त्यांचं. शेवटी एक ओळ होती: संबंधित कर्मचारी त्या दिवशी प्लग काढल्याचं सांगतो, याचा उलगडा झालेला नाही. मॅनेजरनी ती ओळ काढायला सांगितली. अक्कांनी काढली नाही. वरच्या साहेबांना भेटायलाही त्या दोनदा गेल्या. लॉग दारं बंद करायला असतो, माणसं पकडायला नाही, असं तिथे म्हणाल्या. मी बाहेर बाकावर बसून ऐकलं. साहेब म्हणाले, बाकीच्यांना धडा मिळायला हवा. त्याचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपलं, ते वाढवलं नाही. मैसूरपाकाची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

त्यानंतर एके सकाळी गाडीत अक्कांनीच विषय काढला. म्हणाल्या, “अरे, तो स्टोअर्सवाला. त्याचा प्लग माझ्या डोक्यातून जात नाही.”

“लोक असं सांगतातच, अक्का.”

“हौदा? खरंच? पण उंदीर कोण सांगतं? खोटं बोलणारा माणूस म्हणतो, मी बंद केलं होतं. हा म्हणतो, वायर गुंडाळून वर ठेवली. खोट्याला इतकं तपशीलवार सुचत नाही.”

मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही. आजही मला वाटतं, तो विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. दुसऱ्या कुणी यादी तपासायला घेतली असती. त्यांनी मला विचारलं होतं आणि मी बरोबर म्हटलं होतं. त्यांच्या दृष्टीनं ती गोष्ट तिथे संपली होती. तीन महिन्यांनी जुना लॉग नेहमीप्रमाणे आपोआप पुसला गेला. मी त्या दिवशी सुटल्यासारखा श्वास घेतला, हेही खरं.

पुढे त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दुपारी कँटीनमध्ये समारंभ, शाल, हार. त्यांना चार शब्द बोलायला सांगितले. त्या हसत हसत बोलल्या, फूटपट्टी कंपनीची आहे, परत करते म्हणाल्या, सगळे हसले. मग म्हणाल्या, “इतक्या वर्षांत लाखो ओळी वाचल्या असतील. एकीचाच अर्थ मला लागला नाही. एक माणूस म्हणाला मी प्लग काढला होता, आणि लॉग म्हणाला नाही. माझ्याकडून त्याच्या बाबतीत काहीतरी चुकलंय. काय ते मला कळलं नाही.” आणि खाली बसल्या. लोकांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्यांची खुर्ची मला मिळाली. आज लॉग मी वाचतो. तसाच, पावणेनऊ ते पावणेदहा. नावांची यादी मी दुसऱ्याकडे दिली आहे, आणि तिच्यातली एक ओळ जरी बदलली तरी ती कुणी, केव्हा बदलली याची नोंद आपोआप राहते, अशी सोय मी केली. सगळे म्हणतात फार चांगली सुधारणा. ती मला कशी सुचली असं कुणी विचारत नाही.

मागच्या मार्गशीर्षात मी बेट्टदपुरला गेलो. बायकोला सांगितलं टेकडीवरच्या देवळात जातोय. पायऱ्या चढलो नाही. बस स्टँडजवळ झेरॉक्सचं एक लहान दुकान, बाहेर पाटी: ऑनलाइन अर्ज भरून मिळतील. आत तोच. केस पिकलेत. एका म्हातारीचा रेशन कार्डाचा अर्ज भरत होता. तिला तो प्रत्येक रकाना मोठ्यानं वाचून दाखवत होता आणि ती “हो हो, घाल” म्हणत होती. मला बघितलं, ओळखलं, उठला.

“सर, तुम्ही इकडे?”

“देवळात आलो होतो.”

त्यानं बसायला स्टूल पुसून दिलं, ताक मागवलं. मुलगी म्हैसुरात नर्सिंग शिकते, दुकान बरं चाललंय, असं सांगितलं. मग म्हणाला, “आपल्या मॅडम बऱ्या आहेत ना? मी निघालो त्या दिवशी गेटपर्यंत आल्या होत्या माझ्याबरोबर. मला म्हणाल्या, मला कळलं नाही, पण मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. एवढं कुणी म्हटलं नव्हतं सर.”

हे मला माहीत नव्हतं. अक्का त्याच्याबरोबर गेटपर्यंत गेल्या होत्या, आणि मला त्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या.

“आता मी काय करतो सांगू?” तो हसून म्हणाला. त्यानं मोबाइल काढला आणि मला दाखवला. कॉम्प्युटरला कुंकू, झेंडू, आणि शेजारी भिंतीतून काढलेला प्लग, वायर गुंडाळलेली. एक फोटो, दुसरा, तिसरा. “दर आयुधपूजेला काढतो. तारीख-वेळ येते खाली. दुकान माझं स्वतःचं आहे, कोण विचारणार? पण काढतो. बायको हसते.”

मी सगळे फोटो बघितले. सांगायला तोंड उघडलं होतं, हे शपथेवर सांगतो. म्हातारीनं मध्येच विचारलं, अर्ज झाला का. तो तिच्याकडे वळला. मी ताक संपवलं, येतो म्हटलं आणि दुपारची बस धरली.

अक्का आता घरीच असतात. गुडघे दुखतात, नजर ठीक आहे. दर रविवारी मी त्यांच्याकडे जातो. त्या मला अजून ‘अरे’ म्हणतात, आणि आठवड्यात काय काय वाचलं ते विचारतात. मी एखादी अवघड ओळ घेऊन जातो. मी सांगून संपवायच्या आत त्या ती सोडवतात.

माझं देणं हे असं आहे. बेट्टदपुरच्या त्या माणसाला, माझ्या सहीचा एक कागद: सत्तेचाळीस नंबरचा कॉम्प्युटर माझा होता, प्रोग्राम मी उतरवला, यादी मी बदलली, त्यानं प्लग काढला होता. त्याच कागदाची एक प्रत कारखान्याला, म्हणजे जुन्या रिपोर्टला ती जोडली जाईल आणि माझं जे व्हायचं ते होईल. आणि अक्कांना, कागदावर नाही, समोर बसून, तोंडानं. तिन्हीपैकी एकही मी अजून दिलेलं नाही.